एसी चालू ठेवून विलायतेला

विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने त्याविषयी लिहू नये, असा कायदा अजून कुणी केलेला नाही. केला तर मी त्याच्या बाजूने सही करीन; लोकांच्या प्रवासाच्या स्लाइडी बघण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत. तरीही लिहिते आहे. परत येऊन सव्वा वर्ष झालं. इतक्या उशिराचं एक कारण माझा आळस. दुसरं कारण या हकिगतीतच आहे.

आम्ही कुवेतला, अहमदीत राहतो. तेल कंपनीने वसवलेलं हे गाव. एकसारखी बैठी घरं, आणि प्रत्येक घरापुढे कुणीतरी हट्टाने जगवलेली चार झाडं. देवधर, म्हणजे माझे यजमान, कंपनीत मेंटेनन्सला. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये. लोकांचं रक्त काढण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि घरीही मी तेच काम चालू ठेवलं आहे असं देवधरांचं मत आहे. एकुलता एक मुलगा केतन पुण्याला इंजिनियरिंगला होता.

१९९० साली देवधर आमच्या सेवाभावी क्लबाचे सेक्रेटरी होते. नेत्रतपासणी, रक्तदान, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून भरपेट जेवणे, अशी क्लबाची सेवा चाले. त्या जुलैत क्लबांचं मोठं अधिवेशन इंग्लंडला होतं.

"जाणं कर्तव्य आहे," देवधर म्हणाले.

"आणि लंडन, यॉर्कशर, स्कॉटलंड?"

"ते वाटेत आहे."

भूगोलात मी कच्ची असल्यामुळे वाद घातला नाही. पण तीन आठवडे घर कुणी बघायचं, हा प्रश्न उरला. कुवेतबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे उन्हाळ्यात घर नुसतं कुलूप लावून सोडता येत नाही. आतली हवा इतकी तापते की कपाटांच्या प्लायवुडचे पदर सुटतात, मेणबत्त्या वाकून नमस्कार करतात. म्हणून गावाला जाताना एक एसी चालू ठेवायचा आणि एक दिवसाआड कुणीतरी येऊन तो चालतो आहे ना ते बघायचं, असा आमच्याकडचा शिरस्ता. शिवाय माझा कढीपत्ता होता. वीतभर रोप होतं तेव्हा पुण्याहून रुमालात गुंडाळून आणलेला, आता माझ्या खांद्याला लागणारा. अर्ध्या अहमदीच्या आमट्यांना माझ्या कुंडीतली फोडणी होती, आणि हे मी संधी मिळेल तिथे सांगत असे.

जुलैत ओळखीचे सगळे भारतात जातात. उरले इब्राहिमभाई.

इब्राहिमभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. कुवेतच्या राई भागातल्या एका गॅरेजात मेकॅनिक, राहायला महबूल्यात चौघांत एक खोली. आमची म्हातारी गाडी बारा वर्षं त्यांच्या जिवावर चालत होती. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडून चकल्या जायच्या. तेही जुलैच्या मध्याला गावी निघायचे होते. आमच्या अंगणात ते गाडीच्या पोटाखालून बाहेर आले तेव्हा मी विषय काढला.

"इब्राहिमभाई, तुमची रजा वीस दिवस पुढे गेली तर?"

ते फडक्याला हात पुसत राहिले. "थोरलीचं पहिलं बाळंतपण हाय, वहिनी. बाळाच्या कानात बांग मी द्यायची असं ठरलंय."

"बाळं काय तारखेवर येतात? लॅबमधल्या बाईचं ऐका. पहिलटकरणीला उशीरच होतो."

मी रक्त तपासते, बाळंतपणं करत नाही. पण इब्राहिमभाई हसले. "तुमी बोललात म्हंजे तसंच असंल. साहेब, मग अर्ज बदला."

गॅरेजवाल्यांना रजेचा अर्ज इंग्रजीत लागे, आणि इब्राहिमभाईंचे सगळे अर्ज आजवर देवधरच लिहीत आलेले. देवधरांनी टेबलाशी बसून नवीन कागद घेतला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली, आम्ही परतणार त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. त्यांचं अक्षर फार सुरेख आहे.

लंडन

विमानतळाबाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता. माणसं डोकी खाली घालून पळत होती आणि आम्ही दोघं बॅगा खाली ठेवून तोंड वर करून उभे. टॅक्सीवाल्याला वाटलं, आम्ही आकाशात कुणाला तरी शोधतो आहोत. आठ महिने आकाश म्हणजे पांढरा तवा बघितलेल्या माणसाला ढग दिसला की काय होतं, ते त्याला कसं सांगणार? देवधरांनी तर पहिल्याच दिवशी फोटोंचा रोल संपवला. छत्तीस फोटो. धुवून आल्यावर बघितलं, त्यांतले अकरा गवताचे होते. नुसतं गवत. एकात कोपऱ्यात माझी चप्पल आहे.

हॉटेलच्या न्हाणीघरात गालिचा होता. बेसिनला दोन नळ, एकातून उकळतं पाणी, दुसऱ्यातून बर्फ. कोमट पाणी हवं असेल तर दोन्हींच्या मध्ये हात वेगाने हलवायचा. जेवणाचं म्हणाल, तर "आम्ही शाकाहारी" असं सांगितलं की वाढणारी मुलगी आजारी माणसाकडे बघावं तसं बघे आणि उकडलेला कोबी आणून ठेवी. चौथ्या दिवशी मी पर्समधली मेतकुटाची बाटली टेबलावर काढली. देवधर म्हणाले, "अगं, लोक बघताहेत." मी म्हटलं, "बघू देत. आपण त्यांचा कोबी बघतोच आहोत." पाच मिनिटांनी तेही बाटलीकडे हात करत होते.

कोहिनूर पाहिला. रांग सरकत ठेवायची असल्यामुळे नीट पाहता येत नाही. देवधर पुन्हा रांगेत उभे राहून दुसऱ्यांदा पाहून आले. मी विचारलं, "काय वाटलं?" ते म्हणाले, "लहान आहे." दुसऱ्याच्या घरात आपली वस्तू बघितल्यावर माणसाचं तोंड जसं होतं, तसं त्यांचं झालं होतं. मी ते तेव्हा चेष्टेवारी नेलं.

अधिवेशन

दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात अधिवेशन भरलं. समुद्र राखाडी, किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे, आणि त्या गोट्यांवर कापडी खुर्च्या टाकून, कोट घालून लोक ऊन खात बसलेले. ऊन खायला आलेली माणसं मी प्रथमच पाहत होते. आमच्याकडे ऊन माणसाला खातं.

या अधिवेशनांत एक गोड पद्धत असते. प्रत्येक क्लबाने आपली कापडी पताका आणायची आणि दुसऱ्याच्या पताकेशी अदलाबदल करायची. आमची पताका फहाहीलच्या शिंप्याने शिवली होती. निळ्या कापडावर कुवेतचं शिडाचं जहाज, पण शिंप्याने समुद्रच भरला नव्हता, त्यामुळे ते हवेत तरंगत होतं. देवधरांना दोन मिनिटं बोलायला मिळाली. आठवडाभर आरशासमोर तयारी केलेलं भाषण त्यांनी पन्नास सेकंदांत संपवलं, आणि उरलेल्या वेळात खिशात चष्मा शोधला. तो त्यांच्या नाकावर होता.

चहाच्या वेळी एका भल्या गृहस्थाने विचारलं, "कुवेत म्हणजे नक्की कुठे?" देवधरांनी कागदी रुमालावर नकाशा काढून दाखवला. इथे इराक, इथे सौदी, आणि हा मधला कोपरा तो आमचा. गृहस्थ म्हणाले, "एवढंसंच?" आम्ही सगळे हसलो. दोन आठवड्यांनी हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नसता.

यॉर्कशर

अधिवेशनानंतर बसमधून स्कॉटलंड पाहून आलो. त्याचं वर्णन मी करत नाही, कारण बस चालली की मला झोप लागते आणि देवधरांनी जागेपणी पाहिलेल्या मेंढ्यांची संख्या हा सगळा वृत्तांत आहे. शेवटचे चार दिवस मात्र आम्ही यॉर्कशरमधल्या एका खेड्यात, क्लबाच्याच एका जोडप्याकडे उतरलो होतो. परदेशी पाहुण्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायचं, ही त्या लोकांची रीत. रॉबर्ट निवृत्त शाळामास्तर, मोजकं बोलणारा. जीन त्याच्या वाटचंही बोले. गेल्या गेल्या तिने घराची किल्ली माझ्या हातात दिली. ओळख होऊन दहा मिनिटं झाली होती.

दगडी घर, मागे वाटाण्याचा वेल, कुंपणापलीकडे गायी. आमची पताका जीनने स्वयंपाकघरात रेडिओच्या वर टांगली. ती खोलीतून निघाली की दिवा बंद करी. गरम पाण्याची टाकी दिवसातून तासभरच चालू. गप्पांत मी सहज सांगितलं की आमच्या घरी आत्ता एसी चालू आहे.

जीन वाटाणे सोलता सोलता थांबली. "घरात कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग थंड कुणासाठी करता?"

मी प्लायवुडचं सांगितलं, मेणबत्त्यांचं सांगितलं, कढीपत्त्याचं तर फारच सांगितलं. इब्राहिमभाई एक दिवसाआड येतात, त्यासाठी त्यांनी रजासुद्धा पुढे ढकलली, हेही कौतुकाने सांगितलं. जीन म्हणाली, "फार भला माणूस दिसतो." आणि पुन्हा वाटाणे सोलू लागली. तिच्या बोलण्यात काहीही नव्हतं. मला मात्र उगीचच विषय बदलावासा वाटला.

त्या आठवड्यात इंग्लंडला कधी नव्हे तो उन्हाळा जाणवत होता. दोन ऑगस्टच्या सकाळी जीन वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, "आज तुमचा तो एसी इथे हवा होता." देवधर टोस्टवर मेतकूट पसरत होते. (होय, तेही.) तेवढ्यात रॉबर्टने हात वर केला आणि रेडिओ मोठा केला.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं होतं.

रेडिओवर नावं येत होती आणि ती आमच्या रोजच्या रस्त्यांची होती. रॉबर्टने फोन उचलून देवधरांच्या हातात दिला. अहमदीचा नंबर, मग गॅरेजचा, मग इस्पितळाचा. प्रत्येक ठिकाणी तोच एक लांब सूर. दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीने नंबर फिरवत होतो. पुण्याला लागला. केतन म्हणाला, "आई, आर यू ओके? बाबा कुठे आहेत?" बाबा शेजारीच होते, मुठीत रिसीव्हरची वायर घट्ट धरून.

खोटं कशाला लिहू? मला पहिल्यांदा आठवले ते कपाटातले अल्बम. मग लॉकरमध्ये न ठेवलेल्या बांगड्या. मग केतनचं पहिलं जावळ ठेवलेली डबी. मी एकेक वस्तू मोठ्याने आठवत होते आणि देवधर खिडकीतून गायींकडे बघत होते.

"इब्राहिमभाई," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"अर्ज माझ्या अक्षरात आहे."

जीनने चहा आणून ठेवला. त्या लोकांना दुसरं काही सुचलं नाही की चहा करतात, आपल्यासारखंच. परतीच्या तिकिटांवर कुवेतचं नाव होतं. रॉबर्ट दोन दिवस विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत आमच्याबरोबर उभा राहिला आणि शेवटी मुंबईची जागा मिळाली. निघताना जीन पताका काढून परत द्यायला लागली, तेव्हा मी ती तिथेच राहू दिली.

रत्नागिरी

ऑगस्टअखेर आम्ही इब्राहिमभाईंच्या गावी गेलो. पत्राने कळवता आलं असतं, देवधर तसं म्हणालेही. पण पत्राचा मजकूर जमेना. त्यांचं सुरेख अक्षर प्रथमच उपयोगी पडलं नाही.

खाडीच्या कडेला घर, पडवीत पाळणा. मुलगी झाली होती. डॉक्टरने सांगितलेल्या दिवशीच झाली होती. लॅबमधल्या बाईचं तिने ऐकलं नव्हतं. इब्राहिमभाईंच्या बायकोला, हमीदाभाभींना, मी आधी कधी भेटले नव्हते. त्यांनी पाणी दिलं, आमच्या गेलेल्या घराची चौकशी केली, आमची कीव केली. ते ऐकवेना.

"नाव काय ठेवलंत?" मी पाळण्याकडे बघत विचारलं.

"नाय ठेवलं. हिचे नाना येतील, कानात बांग देतील, मग ठेवायचं. आता येतीलच. गॅरेजच्या शेठनी रजा पुढं ढकलली म्हणून लिवलं होतं त्यांनी, नायतर बाळंतपणाला इथंच असते. त्या शेठचं कधी भलं नाय व्हायचं."

देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. इब्राहिमभाईंनी आमचं नाव घरी कळवलंच नव्हतं. तो शेठ राईत की कुठे, जिवंत आहे की नाही कोण जाणे, आमच्या वाटचे शाप खात होता. तेवढ्यावर निघून येता आलं असतं. चहा येणारच होता.

"भाभी, शेठने नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं रजा बदलायला. आम्हांला फिरायला जायचं होतं. घर बघायला, एसी बघायला कुणी नव्हतं. माझी एक कुंडी होती कढीपत्त्याची."

भाभींनी पाळण्याची दोरी सोडली.

"कुंडीपायी?" हमीदाभाभींनी विचारलं.

मी हो म्हटलं.

त्यांच्या परसात, जिथे मी बसले होते तिथून सरळ दिसेल असं, कढीपत्त्याचं चांगलं दोन पुरुष उंच झाड होतं. त्या उठून आत गेल्या. चहा त्यांच्या लेकीने आणून दिला. निघताना भाभी पोचवायला पडवीत आल्या नाहीत.

सप्टेंबरच्या मध्याला, आम्ही पुण्याला असताना, मुंबईहून एका नर्सचा फोन आला. सिस्टर शिंदे, आमच्याच इस्पितळातल्या, नुकत्याच अम्मानवरून विमानाने सुटून आलेल्या.

"देवधरबाई, तुमचं घर भरलंय हो," त्या म्हणाल्या. "महबूल्यातली माणसं, आमच्यातल्या तिघी नर्सा, एक केरळी कुटुंब बाळासकट. बावीस जण. इब्राहिमभाईंनी आणलं सगळ्यांना. म्हणाले, वहिनींचं घर गार आहे, डब्यात तांदूळ आहे, चला. मी निघाले तेव्हा ते मागे थांबले होते. म्हणाले, आधी बायामाणसं."

मी फोन ठेवला आणि तडक रत्नागिरीला तार केली.

ते आले सप्टेंबर संपता संपता. बसने बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या वाळूत तंबूत नऊ दिवस, मग अम्मान, मग मुंबई. आम्ही त्यांना गावी घेऊन गेलो. गळ्यातल्या दोऱ्याला आमच्या घराची किल्ली होती, ती त्यांनी पहिल्याच भेटीत काढून माझ्या हातात ठेवली.

"वीज होती तंवर एसी चालू ठेवला, वहिनी. पर पाणी प्यायलाच कमी पडाय लागलं. कुंडीला नाय देता आलं."

मला त्या क्षणी जगातले सगळे कढीपत्ते उपटून टाकावेसे वाटले.

पडवीत त्यांनी हातपाय धुतले, टोपी घातली आणि दोन महिन्यांची नात उचलली. बाळ दचकू नये म्हणून तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन इतक्या हळू बांग दिली की आम्हांला नुसते ओठ दिसले. तिने मध्येच त्यांची दाढी धरली. उरलेली बांग त्यांनी तशीच पुरी केली. जेवायला तांदळाची भाकरी होती. माझ्या पानात पहिली भाकरी हमीदाभाभींनी स्वतः वाढली. दुसरीही वाढली.

अहमदी

युद्ध संपल्यावर कंपनीने देवधरांना गेल्या उन्हाळ्यात परत बोलावलं, मी नंतर आले. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. भर दुपारी मोटारी दिवे लावून चालत. आता आगी विझल्या आहेत, पण खिडक्यांच्या काचा पुसल्या की फडकं अजून काळं होतं.

घर उभं आहे. अल्बम आहेत, बांगड्या नाहीत. दोन्ही एसी कुणीतरी भिंतीतून उपटून नेले. तिथे चौकोनी भोकं होती. कुंडीत एक वाळकी काठी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने पाळ्या लिहिलेल्या आहेत: पाणी कुणी भरायचं, भात कुणी टाकायचा, बाळाला गार खोलीत कुणी घेऊन बसायचं. मराठीत, मल्याळीत, एक-दोन नावं उर्दूत. थंड कुणासाठी करता, असं जीनने विचारलं होतं. तिला पाठवायला मी त्या भिंतीचा फोटो काढून घेतला आहे. रंगाऱ्याला सांगितलं, एवढी भिंत सोडून दे.

इब्राहिमभाईही राईत परत आले. परवा संध्याकाळी अंगणात गाडीचं बॉनेट पाडून ते आत आले आणि कोरा कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, रजेचा अर्ज. नात चालायला लागली म्हणं."

देवधरांनी चष्मा शोधला. (नाकावरच होता.) मजकूर लिहिला, नेहमीच्या सुरेख अक्षरात. तारखेपाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली, कागद इब्राहिमभाईंकडे फिरवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"मला इंग्रजी कुठं येतं, साहेब?"

"आकडेच आहेत," देवधर म्हणाले. "तुम्ही घाला."

इब्राहिमभाईंनी हात पँटला पुसले, कोपर टेबलावर टेकलं आणि जीभ दातांत धरून, गाडीचा बारीक स्क्रू बसवावा तसा एकेक आकडा घातला. लिहून झाल्यावर कागद लांब धरून पाहिला.

"जरा वाकडं आलं," ते म्हणाले.

"असू दे," देवधर म्हणाले, आणि त्यांनी तो अर्ज तसाच पाकिटात घातला.